बर्फात चालायला बूट कोणते?

मागच्या शनिवारी भाच्याचा फोन आला. "मामा, बर्फात चालायला बूट कोणते घेऊ?"

त्याच्या कॉलेजातली सात-आठ पोरं डिसेंबरात केदारकंठ्याला निघालीयेत. उत्तराखंडातलं सांकरी गाव, तिथून देवदाराच्या जंगलातून वर वर चढत साडेबारा हजार फुटांवरचं शिखर. सगळा परिसर गोविंद पशुविहार राष्ट्रीय उद्यानातला. हल्ली आमच्या वाळूजच्या बजाजनगरातूनही दर हिवाळ्यात कुणी ना कुणी तिकडे जाऊन येतंच, आणि मग महिनाभर त्याचा डीपी बर्फातला असतो. आमच्या वेळी हिमालय म्हणजे चारधाम आणि चारधाम म्हणजे रिटायर झाल्यावर. असो. माणूस 'आमच्या वेळी' म्हणायला लागला की त्याचे केस मोजायला घ्यावेत.

मी म्हटलं, शनिवार-रविवारी नीट लिहून पाठवतो. "मामा, दोन ओळीत सांग ना!" नाही सांगणार. दोन ओळीत सांगायचं असतं तर मी कविता केल्या असत्या.

तर आज सकाळी चहाचा दुसरा कप घेऊन लिहायला बसलो. बूट खरोखरच दोन ओळीत संपले: घोट्याच्या वरपर्यंत येणारे, पाणी आत न घेणारे, आणि निघायच्या आधी किमान महिनाभर पायात मुरवलेले. नवे कोरे बूट घालून गेलास तर बर्फ नाही, फोड लक्षात राहतील. झालं. पण बर्फात चालण्याबद्दल मला जे खरं माहिती आहे ते बुटांबद्दल नाहीच. ते २०११ सालचं आहे, आणि त्यात अण्णा आहेत. (अण्णा म्हणजे माझे वडील. भाच्याचे आजोबा.)

२०११ मध्ये कंपनीनं मला दीड वर्षासाठी कॅलिफोर्नियात पाठवलं होतं. सनीव्हेलमध्ये वन बेडरूमचं अपार्टमेंट, नवीन लग्न, जुनी भाड्याची खुर्ची. अण्णा आदल्याच वर्षी रिटायर झाले होते. म्हटलं आई-अण्णांना तीन महिने बोलवू. दोघंही पहिल्यांदाच विमानात बसले. आईनं येताना मेतकूट, काळा मसाला आणि पोळपाट-लाटणं आणलं. अण्णांनी एक छोटा स्क्रू ड्रायव्हरचा सेट आणला, कारण 'तिकडं कुणाकडं मागायचा?'

अण्णा मूळचे गंगापूर तालुक्यातल्या एका खेड्यातले. कोरडवाहू जमीन, तीन भाऊ. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग बनवणाऱ्या लहान-मोठ्या कंपन्यांची रांग लागली. अण्णा त्यातल्याच एका प्रेस शॉपमध्ये लागले. पत्र्याचा तुकडा डायमध्ये ठेवायचा, प्रेसचा दणका बसायचा, वाकलेला जॉब बाहेर काढायचा. आठ तास तेच. माझं शिक्षण, ताईचं लग्न, बजाजनगरातलं घर, सगळं त्या दणक्यांमधून आलेलं. त्यांच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं अर्धी आहेत. मी चौथीत होतो तेव्हा, १९९३ मध्ये गेली. "मशीन बिघडलं होतं," एवढंच आम्हाला घरात माहीत. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्या वडिलांची अशीच असतात. आमच्या गल्लीत तशी होतीही बऱ्याच जणांची.

सनीव्हेलला आठ दिवसात त्यांनी किचनचे ड्रॉवर, गळका नळ, शेजाऱ्याच्या पोराची सायकल हे सगळं दुरुस्त केलं आणि नवव्या दिवशी गॅलरीत बसून म्हणाले, "इथं माणसं कुठं ठेवतात रे?"

म्हणून चार जुलैच्या सुट्टीला जोडून रजा टाकली आणि रोड ट्रिप ठरवली. मी एक्सेलमध्ये प्लॅन केला. रंगीत. प्रत्येक तासाला एक ओळ, पेट्रोल कुठे, जेवण कुठे, सूर्यास्त किती वाजता. बायको म्हणाली, हा प्रवास आहे की प्रॉडक्शन रिलीज? उत्तरेला जायचं, ओरेगॉनमधलं क्रेटर लेक आणि वॉशिंग्टनमधलं माउंट रेनियर अशी दोन राष्ट्रीय उद्यानं करायची आणि परत. आईनं धपाट्यांचा गठ्ठा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. धपाटे चार दिवस टिकतात हे कुठल्याही गाइडबुकात लिहिलेलं नाही, ते मी इथे लिहून ठेवतो.

त्या वर्षी डोंगरात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त बर्फ पडला होता. क्रेटर लेकला पोचलो तर जुलै महिन्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती. तळ्याभोवती फिरणारा रस्तासुद्धा सगळा उघडलेला नव्हता. आई गाडीतून उतरली, वाकून ओंजळीत बर्फ घेतला आणि म्हणाली, "अगं बाई, फ्रीजमधल्यासारखाच आहे!" मग जरा चाखून, "एखादा गोळेवाला पाहिजे होता इथं."

आणि मग तळं दिसलं. निळं म्हणजे किती निळं, सांगून खोटं वाटेल. आम्ही लोणार पाहिलेलं. शाळेची सहल तिकडेच जायची. लोणारचं विवर उल्का आदळून झालेलं, पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद. हे विवर ज्वालामुखीचं. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी माझामा नावाचा पर्वत फुटला, पोटातला लाव्हा बाहेर ओकून रिकामा झाला आणि स्वतःच्याच पोकळीत कोसळला. त्या खड्ड्यात पाऊस आणि बर्फाचं पाणी साठत गेलं. एकही नदी आत येत नाही, एकही बाहेर जात नाही. खोली १,९४३ फूट. हे सगळं मी पाटीवरचं वाचून अण्णांना मराठीत सांगितलं. ते कठड्याशी उभं राहून बराच वेळ बघत होते. म्हणाले, "म्हणजे वरून पहाड दिसत होता आणि आतून पोकळ झालेला."

मी 'हो' म्हणून फोटो काढायला गेलो.

तिथेच आम्ही बर्फातले पहिले धडे घेतले. भाच्या, हे तुझ्यासाठी. एक: बर्फावर ऊन वरूनही लागतं आणि खालूनही. मी कपाळाला, गालाला क्रीम लावलं आणि संध्याकाळी हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आत भाजून निघालो. नाकपुड्यांच्या आत! दोन: गॉगल नसेल तर बर्फात जाऊ नकोस, डोळे सुजतात. तीन: सुती कपडे नकोत. घामानं एकदा भिजले की वाळत नाहीत आणि मग गारठवतात. चार: चढताना बुटाचं टोक मारून पायरी करायची, उतरताना टाच रोवायची. पाच: बर्फ दिवसभर एकसारखा नसतो. रात्री गोठून सकाळी तो फरशीसारखा टणक असतो, पाय घसरतो. दुपारी उन्हानं भुसभुशीत होतो, मग पाय मांडीपर्यंत आत जातो. हे पाचवं लक्षात ठेव. मला ते माहिती होतं आणि तरी उपयोग झाला नाही.

तिसऱ्या दिवशी माउंट रेनियरला पोचलो. १८९९ पासूनचं राष्ट्रीय उद्यान. पर्वताची उंची १४,४१० फूट, हाही ज्वालामुखीच, आणि अंगावर बारा महिने हिमनद्या. आम्ही जिथे गाडी लावली त्या जागेचं नाव पॅराडाइज. ती जागा ५,४०० फुटांवर आहे. आकडा ओळखीचा वाटला ना? आपली कळसूबाईसुद्धा ५,४०० फूट. म्हणजे महाराष्ट्राची उंची जिथे संपते तिथे यांचं पार्किंग. १९७१-७२ च्या हिवाळ्यात या पॅराडाइजला १,१२२ इंच बर्फ पडला होता. तो तेव्हाचा जागतिक विक्रम, पुढे तब्बल सव्वीस-सत्तावीस वर्षं टिकला. मी ते अण्णांसाठी फुटात केलं: साडेत्र्याण्णव फूट. आमच्या तालुक्यात वर्षभराचा पाऊस गुडघ्याला लागला तरी पेढे वाटतात.

आईचे गुडघे दुखत होते. ती आणि बायको व्हिजिटर सेंटरमध्ये काचेजवळ बसल्या. मी आणि अण्णा स्कायलाइन ट्रेलला निघालो. साडेपाच मैलांचा फेरा, सतराशे फुटांचा चढ. काउंटरवरच्या रेंजरबाईंनी सांगितलं की वाट सगळी बर्फाखाली आहे, खुणेच्या काठ्या सोडून भलतीकडे जाऊ नका, आणि ओढ्यांवरच्या बर्फावर विश्वास ठेवू नका. मी मान डोलावली. माझ्याकडे हातात धरायचं जीपीएस होतं, त्यात आदल्या उन्हाळ्यात कुणीतरी चालून नोंदवलेली अख्खी वाट होती. बाईंकडे फक्त अनुभव होता.

वर जाताना अण्णांनी मला लाजवलं. साठीला आलेला माणूस, डोक्याला माकडटोपी, हातात दुकानातून घेतलेली काठी. पहिली पन्नास पावलं चाचपडले आणि मग त्यांना त्याची लय सापडली. पाय किंचित आडवा टाकायचा, वजन हळूच द्यायचं, धरलं की मग पुढचा. "पावसात नांगरलेल्या वावरातून बांधाकडं जायचं तसंच हाये," म्हणाले. माझा पाय दर विसाव्या पावलाला आत जात होता आणि ते थांबून मला बाहेर काढत होते. दीड तासानं धापा टाकत पॅनोरमा पॉइंटला पोचलो. सहा हजार आठशे फूट. समोर दक्षिणेला रांगेत पांढरे डोंगर, त्यातला एक सपाट डोक्याचा, माउंट सेंट हेलेन्स. १८५७ पासून गप्प होता, म्हणजे आपल्याकडे बंड झालं त्या वर्षापासून. मग १८ मे १९८० ला सकाळी फुटला. सत्तावन्न माणसं गेली आणि डोंगराचं तेराशे फुटांचं डोकं उडालं. अण्णा म्हणाले, "सव्वाशे वर्षं! लोकांनी तर घरं बांधली असतील." बांधली होतीच.

खाली उतरताना दुपारचे दोन वाजले होते. खाली बायकोला तीनची वेळ दिली होती, एक्सेलमध्ये तसं होतं. आलो त्या वाटेनं गेलं तर लांब पडणार. जीपीएसवर बघितलं, डावीकडून एक उतार थेट खाली जात होता आणि त्या उतारावर पावलंही होती. पाच-दहा नाही, भरपूर. पन्नासेक माणसं गेली असतील. मी तिकडे वळलो. अण्णा मागून आले. दहा मिनिटं मजेत उतरलो. पुढे एक लहानसा ओढा. म्हणजे ओढा दिसत नव्हता, दिसत होती दोन्ही काठांमधली बर्फाची खोलगट पट्टी, पंधरा-वीस फूट रुंद, आणि पावलं तिच्यावरून सरळ पलीकडे गेलेली.

मी पाय टाकणार तेवढ्यात अण्णांनी मागून माझ्या सॅकचा पट्टा धरला.

"थांब."

"काय झालं?"

उत्तर न देता ते पुढे आले आणि काठीनं काठावरचा बर्फ ठोकला. ठक्. हात लांब करून आणखी पुढे ठोकला. तिथे आवाज वेगळा आला. बद्द. बाजारात मडकं घेताना आई वाजवून बघते, त्यातलं चिरलेलं मडकं वाजतं तसा. मग ते खाली बसले, टोपी कानावरून वर केली. मीही कान दिला. खालून पाण्याचा आवाज येत होता, बारीक नाही, चांगला धबधब.

"खालून खाल्लेलंय सगळं," अण्णा म्हणाले. "मागं फिर."

मला राग आला. वेळ झालेला, पाय भिजलेले, परत वर चढायचं म्हणजे पाऊण तास. आणि खरं सांगायचं तर, सगळं वाचून आलेला मी, प्लॅन माझा, यंत्र माझ्या हातात, देश माझ्या ओळखीचा, आणि आठ दिवसांपूर्वी ज्यांना सरकता जिना चढताना मी हात दिला ते मला थांबवत होते. मी म्हटलं, "अण्णा, पन्नास माणसं गेलीत इथून! पावलं दिसतायत ना?"

"पावलं सकाळची हायेत," अण्णा म्हणाले. "कडा बघ, गोठलेल्या होत्या त्या विरघळून गोल झाल्यात. आता दुपार हाये."

एवढ्यात वरून दोन गोरी पोरं आली, हाय वगैरे केलं आणि धाडधाड त्या पट्टीवरून पलीकडे गेली. काहीही झालं नाही. खाली दिसेनाशी झाली.

मी अण्णांकडे बघितलं. म्हणजे 'आता बोला' असं बघितलं. मुलगा बापाकडे तसं बघतो तेव्हा त्याला आपला चेहरा दिसत नाही हे बरं असतं.

अण्णा काही बोलले नाहीत. वळले आणि आलेल्या वाटेनं चढायला लागले. मला त्यांच्या मागे जावंच लागलं. वर एका मोकळ्या खडकावर पोचल्यावर ते बसले. मी सॅकमधून धपाटे काढले. गार झालेले, चिवट. आम्ही न बोलता खाल्ले. मग त्यांनी डावा हातमोजा काढला आणि ती दोन अर्धी बोटं उन्हात धरली. थंडीत ती दुखतात हे मला तेव्हा कळलं.

"प्रेसला दोन बटणं असतात," ते म्हणाले. "दोन हातांची. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा भाग खाली येतो. कामून? तर दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून."

मी मान हलवली.

"दोन बटणं दाबायची, मग जॉब काढायचा, मग दुसरा ठेवायचा. वेळ जातो. इन्सेंटिव्ह तर नगावर. मग आम्ही काय करायचो, डाव्या बटणात लाकडाची पाचर मारून वरून टेप लावायची. ते दाबलेलंच राहातं. मग उजव्या हातानं बटण, डाव्या हातानं जॉब. तीन महिने केलं मी तसं. ताई तेव्हा आजारी होती, पैसे पाहिजे होते. एका शिफ्टला दोन हजार नग. हिशेब कर, तू इंजिनिअर आहेस."

मी केला. महिन्याचे पंचवीस दिवस, तीन महिने. दीड लाख.

"दीड लाख," मी म्हटलं.

"दीड लाख वेळा हात आत गेला आणि बाहेर आला. रोज वाटायचं, कालही झालं, आजही होतंय. एक दिवस नाही आला."

बराच वेळ आम्ही दोघं समोरच्या डोंगरांकडे बघत बसलो. मी विचारलं, "पण मग मशीन बिघडलं होतं म्हणत होते ते?"

"दवाखान्यात नेईपर्यंत कुणीतरी पाचर काढून टाकली. आपल्यातलंच कुणी. माझ्या भल्यासाठीच. चौकशी झाली तेव्हा मी बोललो नाही. मशीनमध्ये दोष म्हणून लिहिलं गेलं. मला भरपाई मिळाली. मशीन बघणाऱ्या फिटरला मेमो मिळाला." थोडं थांबून, "त्यानं त्या आठवड्यात ते मशीन चांगलं बघितलं होतं. मला माहीत होतं."

अठरा वर्षं. अठरा वर्षं त्यांनी हे आईलाही सांगितलेलं नव्हतं. आणि सांगितलं कुठे, तर वाळूजपासून जगाच्या दुसऱ्या टोकाला, बर्फात, एका मूर्ख पोराला ओढा ओलांडू नकोस हे पटवायला.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मला सुचलं नाही. मी उरलेल्या धपाट्याचा तुकडा त्यांना दिला. त्यांनी घेतला.

आम्ही काठ्या रोवलेल्या वाटेनं उतरलो. खाली पोचायला चार वाजून गेले. बायको दारातच उभी होती, चेहरा उतरलेला. आई म्हणाली, "एवढा उशीर? मी रेंजरबाईला तीनदा विचारलं." (मराठीत. पण बाईंना कळलं होतं म्हणे.) अण्णा म्हणाले, "वाट चुकलो होतो." मी गप्प बसलो. त्या दिवशी एक गोष्ट लपवायची पाळी माझी होती.

त्या ओढ्याचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. कदाचित तो बर्फाचा पूल आणखी आठवडाभर टिकला असेल आणि आणखी शंभर जण त्याच्यावरून गेले असतील. मी गेलो असतो तर बहुधा पलीकडे पोचलो असतो. हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. आपण मागे फिरतो तेव्हा आपण बरोबर होतो याचा पुरावा कधीच हातात पडत नाही. पुढे गेलेल्याला मात्र दर वेळी पुरावा मिळतो, शेवटची वेळ येईपर्यंत.

पुढे वाचल्यावर कळलं की अण्णांनी जे काठीनं आणि कानानं ओळखलं तेच शास्त्र आहे. ओढ्याचं पाणी बर्फाला खालून वितळवत जातं, कमान मधोमध सर्वात पातळ होते, आणि वरून ती आजूबाजूच्या बर्फासारखीच दिसते. गोठवणाऱ्या रात्रीनंतर सकाळी ती वजन पेलते. दुपारी तीच कमान उन्हानं मऊ झालेली असते. आणि वरच्या पावलांवरून एवढंच कळतं की त्या वेळी तिनं त्या माणसाला पेललं होतं. खाली पडलेला माणूस पाण्यासोबत बर्फाखाली ओढला जातो, म्हणून सगळे रेंजर हे एकच वाक्य पुन्हापुन्हा सांगतात आणि आम्ही सगळे माना डोलावतो.

माझ्या धंद्यातही पाचरी असतात, हे मी इतक्या वर्षांत शिकलो. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज अडकलाय, एक चेक दरवेळी उगाच ओरडतो, टाका कॉमेंट करून. सोमवारी काही होत नाही. पुढच्या सोमवारीही नाही. मी टीममध्ये नव्यानं आलेल्या पोरांना विचारतो, "हे कुणी बंद केलं आणि का?" तेव्हा ते म्हणतात, "सर, वर्षभर असंच चाललंय." मला तेव्हा डोळ्यासमोर उन्हात धरलेला एक हात दिसतो. पोरांना वाटतं मी जरा कटकट्या आहे. आहेच.

तीन महिन्यांनी आई-अण्णा परत आले. त्यानंतर एका रविवारी, आईनं फोनवर सांगितलं, अण्णा सकाळीच सायकल काढून रांजणगाव शेणपुंजीकडे गेले आणि दुपारी उशिरा आले. कुणाकडे ते तिला सांगितलं नाही. मला अंदाज होता. तो फिटर नोकरी सुटल्यावर तिकडेच ग्रिल-खिडक्यांचं वेल्डिंग करायचा. मी पुढच्या सुट्टीत विचारलं, "गेला होतात का?"

"हं."

"मग?"

"चहा पाजला त्यानं."

त्याच्या पुढे त्यांनी आजतागायत काही सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. पण त्यानंतर आषाढी एकादशीला वाळूजच्या छोट्या पंढरपुरात दर्शनाला जाताना अण्णांसोबत एक म्हातारा असायचा. दोघं फार बोलत नसत. नुसते रांगेत उभे असत.

आता अण्णा सत्तरी ओलांडून पुढे गेलेत. मीही पुन्हा इकडेच आलो, घरून काम करतो. आमच्या औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, वाळूजचा रस्ता रुंद झाला आणि लगेच पुन्हा अपुराही झाला. आज सकाळी भाचा इथे आला होता, बुटांची तीन चित्रं मोबाइलवर घेऊन. हे लिहिलेलं मी आधी अण्णांना वाचून दाखवलं. पाचरीपाशी थांबलो आणि म्हटलं, "हे राहू देऊ का काढू?"

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "राहू दे. त्याला वाचू दे."

भाच्यानं ओट्यावर बसून सगळं वाचलं. नंतर अण्णांच्या हाताकडे बघत राहिला. आजवर हजारदा पाहिलेला हात. मग अण्णाच उठले, दाराआडून ती जुनी काठी काढली, रेनियरच्या दुकानातली, विमानातून कशीबशी आणलेली. खाली लोखंडी टोक आहे तिला. त्याच्या हातात दिली आणि ओट्याच्या फरश्या दाखवून म्हणाले, "वाजवून बघ. ह्यातली एक पोकळ हाये. कोणती सांग."

पोरगा आता अंगणात ठकठक करत फिरतोय. बूट अजून ठरले नाहीत.